मूल होत नसेल तर विमा काय देतो? वंध्यत्वावरील उपचार, आरोग्य विमा आणि आपले हक्क

लग्नाला चार-पाच वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाटा धरल्या जातात. एक वाट बुवा-बाबाकडे जाते, दुसरी शहरातल्या चकचकीत क्लिनिककडे. पहिल्या वाटेवर बाईची अब्रू आणि पैसा जातो. दुसऱ्या वाटेवर दागिने मोडतात, पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर बसते आणि कधी कधी गावाकडची एकर-दीड एकर जमीनही जाते. "आपल्याकडे विमा आहे ना?" हा प्रश्न बहुतेक वेळा बिल हातात पडल्यावर विचारला जातो. तोवर उशीर झालेला असतो.

हा प्रश्न आधी विचारला जावा, म्हणून हा लेख आहे. वंध्यत्वावरील उपचारांपैकी विम्यातून काय मिळते, काय मिळत नाही, सरकारी योजना कुठे थांबतात आणि क्लेम नाकारला गेला तर काय करायचे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. विहारात, महिला मंडळात आणि युवक मंडळात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती जपून ठेवावी आणि गरजू जोडप्यांपर्यंत पोहोचवावी.

वंध्यत्व हा आजार आहे

जोडप्याने कोणतेही गर्भनिरोधक न वापरता बारा महिने नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना त्याला स्त्री किंवा पुरुषाच्या प्रजनन संस्थेचा आजार मानते. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. त्यामुळे तो पाप, शाप किंवा 'पायगुण' नाही आणि केवळ बाईचा दोषही नाही. जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत असते. तरीही आपल्याकडे तपासण्या सुनेपासून सुरू होतात आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी सर्वांत शेवटी होते. तपासणी दोघांची आणि एकाच वेळी व्हावी. वीर्य तपासणी स्वस्त असते आणि तिच्यामुळे बाईच्या कितीतरी महागड्या व त्रासदायक तपासण्या वाचू शकतात.

कारणेही समजून घेतली पाहिजेत. गर्भनलिका बंद होणे, पीसीओडी, एन्डोमेट्रिऑसिस, गर्भाशयातील गाठी, थायरॉईड, शुक्राणूंची कमी संख्या ही नेहमीची कारणे आहेत. आपल्या देशात गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा क्षयरोग हेही एक मोठे कारण आहे. दाटीवाटीच्या, हवा न खेळणाऱ्या घरांत क्षयरोग पसरतो. बाईला खोकला नसतानाही तो पोटात असू शकतो. क्षयरोगाचे निदान आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. वेळेवर उपचार झाले तर पुढचे नुकसान टळू शकते. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात सतत दुखणे ही लक्षणे लाजेखातर दडवली जातात आणि त्या संसर्गातूनही नलिका बंद होतात. लाखो रुपयांच्या उपचारांची वेळ येण्याआधीच बरेच काही करता येते.

पॉलिसीच्या कागदात काय लिहिलेले असते

भारतात विमा कंपन्यांवर 'आयआरडीएआय' म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. पॉलिसीतून कोणते खर्च वगळता येतील, याचे ठराविक शब्द या प्राधिकरणाने २०१९ मध्ये आखून दिले. त्या यादीत १७ व्या क्रमांकावर 'स्टरिलिटी अँड इन्फर्टिलिटी' आहे. आपल्या पॉलिसीच्या पुस्तिकेत 'एक्सक्ल्युजन्स' या भागात 'एक्सक्ल. १७' असा संकेतांक शोधा. त्याखाली साधारण चार गोष्टी असतात:

- गर्भनिरोधन आणि नसबंदीचा खर्च
- आययूआय, आयव्हीएफ, इक्सी यांसारखे कृत्रिम गर्भधारणेचे उपचार
- सरोगसी
- केलेली नसबंदी पुन्हा उघडण्याची शस्त्रक्रिया

त्याच्या पुढचा १८ वा क्रमांक प्रसूती खर्चाचा. साध्या पॉलिसीत हे दोन्ही वगळलेले असतात. म्हणजे एखाद्या कुटुंबाने दहा वर्षे न चुकता हप्ता भरला असला, तरी आयव्हीएफचे बिल त्यातून मिळत नाही. एजंट तोंडी काय म्हणाला याला किंमत नाही. छापील पुस्तिकेत जे आहे तेच खरे.

अलीकडे काही कंपन्यांनी वंध्यत्वावरील उपचारांचा खर्च देणाऱ्या पॉलिसी किंवा जोड-संरक्षण आणले आहे. काही मोठ्या कंपन्यांच्या गट विम्यातही तो असतो. पण घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पहिला, वेटिंग पिरियड किती? म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून किती महिन्यांनी हा लाभ सुरू होतो? दुसरा, उपमर्यादा किती? पाच लाखांच्या पॉलिसीत या उपचारासाठी त्याचा लहानसा भागच राखलेला असू शकतो. तिसरा, किती सायकल आणि किती वयापर्यंत? चौथा, इंजेक्शने, सोनोग्राफी, रक्ततपासण्या यांचा खर्च धरला आहे का? आयव्हीएफमधला मोठा खर्च या बाह्यरुग्ण उपचारांवर होतो आणि बऱ्याच पॉलिसी केवळ भरती झाल्यावरचा किंवा डे-केअरचा खर्च देतात. या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत, ईमेलवर घेतली तरी चालतील.

वगळले असले तरी काय मिळू शकते

येथे अनेकांची गल्लत होते. वंध्यत्वाचा उपचार वगळलेला असला, तरी त्यामागचा आजार आपोआप वगळला जात नाही. गर्भाशयातील गाठ, अंडाशयातील मोठी सिस्ट, एन्डोमेट्रिऑसिस, क्षयरोग, पुरुषाचा व्हॅरिकोसील हे स्वतंत्र आजार आहेत. त्यांच्यामुळे वेदना, रक्तस्राव किंवा अन्य त्रास होत असेल आणि त्यासाठी शस्त्रक्रिया लागली, तर तिचा क्लेम त्या आजाराच्या नावाने होऊ शकतो. त्यातल्या काही आजारांना वेगळा वेटिंग पिरियड असतो, तो पाहून घ्यावा. डॉक्टरांच्या कागदांवर मूळ आजाराचे निदान आणि त्याची लक्षणे स्पष्ट लिहिलेली असावीत. 'मूल होत नाही म्हणून दुर्बीण तपासणी' एवढेच लिहिले असेल तर कंपनी १७ व्या कलमाकडे बोट दाखवते.

याचा अर्थ खोटे निदान लिहून घ्या असा मुळीच नाही. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. विम्याच्या अर्जात आधीचा आजार लपवला तर तेच पुढे क्लेम नाकारण्याचे कारण ठरते आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. खरे सांगितले तर नियम आपल्या बाजूने आहे. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी वेटिंग पिरियड ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर 'माहिती दिली नव्हती' या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. नवी पॉलिसी पसंत पडली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

सरकारी योजनांची मर्यादा

आयुष्मान भारत म्हणजे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. ग्रामीण भागात पात्रतेच्या मूळ निकषांपैकी एक निकष अनुसूचित जाती-जमातीचे कुटुंब असणे हा होता, त्यामुळे आपल्या समाजातील अनेक घरांत हे कार्ड आहे. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत एकत्र राबवली जाते. पण आयुष्मान भारतच्या वगळलेल्या बाबींत प्रजननविषयक उपचार आहेत. आयव्हीएफसाठी हे कार्ड चालत नाही. क्षयरोग, गाठी किंवा अन्य आजाराच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र आरोग्यमित्राला भेटून पॅकेज आहे का, हे जरूर विचारावे. फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ आहे.

याच ठिकाणी एक कटू विसंगती आहे. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला पॅकेज मिळते, मूल व्हावे म्हणून करायच्या उपचाराला मिळत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. ही बाब २०१९ मध्ये राज्याने नेमलेल्या समितीपुढे आली. गरीब बाईच्या गर्भाशयाकडे व्यवस्था कशी पाहते, ते यातून दिसते. तरुण बाईला कोणी गर्भपिशवी काढायला सांगितली, तर सरकारी किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, हे आपण वस्तीवस्तीत सांगितले पाहिजे.

सरकारी रुग्णालयांत थोडी सोय होऊ लागली आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली. मुंबईत राज्य सरकारच्या कामा रुग्णालयात आयव्हीएफ केंद्र सुरू झाले आहे. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्त्रीरोग विभागात प्राथमिक तपासण्या, औषधे आणि काही ठिकाणी आययूआय होते. खासगी क्लिनिकची पायरी चढण्याआधी तिथला केसपेपर काढावा.

धर्मादाय रुग्णालयांचा हक्कही अनेकांना ठाऊक नसतो. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. शस्त्रक्रियेसाठी भरती व्हायचे असेल तर रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन भेटावे.

केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर

आरक्षणामुळे आपल्या पिढ्या पोस्टात, आयुध कारखान्यांत आणि केंद्राच्या इतर कार्यालयांत लागल्या. 'सीजीएचएस' आणि केंद्रीय सेवा वैद्यकीय नियमांखालील कर्मचाऱ्यांना आयव्हीएफचा खर्च परत मिळण्याची तरतूद आहे, हे अनेकांना ठाऊक नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आखलेल्या अटींत पत्नीचे वय २१ ते ३९, हयात अपत्य नसणे, पूर्वपरवानगी, जास्तीत जास्त तीन सायकल आणि आयुष्यात एकदाच लाभ अशा गोष्टी होत्या. एका सायकलला ६५ हजार किंवा प्रत्यक्ष खर्च, यातील कमी असेल ती रक्कम मिळेल, असे ठरले होते. सध्याचे दर कार्यालयाच्या आस्थापना शाखेत विचारून घ्यावेत. उपचार सुरू करण्याआधी परवानगी घेणे महत्त्वाचे आहे, कारण नंतर धावाधाव करून फाइल बहुधा परत येते. रेल्वे, बँका, विमा कंपन्या आणि सार्वजनिक उपक्रमांचे स्वतःचे वैद्यकीय नियम असतात, तेही मागून वाचावेत.

कायद्याने सक्तीचा असलेला विमा

सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम २०२१ आणि सरोगसी (नियमन) अधिनियम २०२१ हे दोन कायदे जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. गंमत अशी, की उपचार घेणाऱ्या जोडप्याला विमा मिळेल याची हमी या कायद्यांत नाही. दुसऱ्या बाईच्या विम्याची सक्ती मात्र आहे. स्त्रीबीज देणाऱ्या बाईसाठी जोडप्याने १२ महिन्यांचा आणि सरोगेट मातेसाठी ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढावा लागतो.

हे आपल्या भगिनींनी नीट समजून घ्यावे. पैशांची नड असलेल्या बायका शोधत दलाल वस्त्यांत फिरतात. कायद्याप्रमाणे स्त्रीबीज देणारीचे वय २३ ते ३५ असावे लागते, आयुष्यात एकदाच बीज देता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. बीजांची विक्री करणे आणि त्यासाठी दलाली चालवणे हा गुन्हा आहे. विम्याचा कागद हातात न देता कोणी सुई टोचायला बोलावत असेल, तर ते क्लिनिक कायदा मोडत आहे असे समजावे.

उपचार घेणाऱ्यांसाठी वयाची मर्यादा स्त्रीला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ अशी आहे. क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, एका सायकलचा पूर्ण खर्च औषधांसह लेखी घ्यावा आणि तुमच्या वयात यश येण्याचे प्रमाण किती, हे स्पष्ट विचारावे. एका सायकलमध्ये यश येईलच अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही आणि वयाच्या पस्तिशीनंतर शक्यता कमी होत जाते. 'शंभर टक्के गॅरंटी' अशी पाटी दिसली की मागे फिरावे.

क्लेम नाकारला गेला तर

१. नकाराचे पत्र मागून घ्या. कोणत्या कलमाखाली नाकारले, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे.
२. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.
३. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.
४. लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

बुवाबाजीला कायद्याचे उत्तर

बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली सूनही कधी कधी गुपचूप एखाद्या दरबारात नेली जाते. विमा नाही, सरकारी सोय दूर आणि सासरचे टोमणे रोजचे, मग माणूस कशालाही हात घालतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अलौकिक शक्तीने मूल होईल असे सांगून बाईशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा म्हणून नोंदवला आहे. अशा प्रकरणात तक्रार करणाऱ्या बाईच्या मागे महिला मंडळाने उभे राहावे. तिला दोष देणाऱ्यांच्या मागे नव्हे.

आपली मागणी काय असावी

१९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार एकट्या बाईवर पडू नये, मालकाने आणि सरकारने तो उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ज्याचा भार एकट्याला पेलत नाही, तो सर्वांनी मिळून वाटून घ्यायचा, हे विम्याचे तत्त्व आपल्या चळवळीला परके नाही.

आज वंध्यत्वाचा भार एकट्या जोडप्यावर आहे. भारतातील पहिल्या शास्त्रीय नोंद असलेल्या टेस्ट ट्यूब बेबींपैकी एक ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते साध्य केले. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय, गिरणगावातल्या गरिबांचे. सार्वजनिक पैशातून उभे राहिलेले हे ज्ञान पुढे खासगी बाजारात गेले. त्याच परळच्या संस्थेने, म्हणजे आजच्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने, आयव्हीएफच्या खर्चाचा अभ्यास केला. सरकारी रुग्णालयातही एका सायकलला जोडप्याच्या खिशातून लाखाच्या आसपास आणि खासगीत दोन लाखांहून अधिक रक्कम जाते, असे त्यात दिसले. आयुष्मान भारतमध्ये हा उपचार घ्यायचा तर सायकलला सुमारे ८१ हजारांचे पॅकेज ठेवता येईल, असेही त्यात सुचवले आहे. जपानने एप्रिल २०२२ पासून ४३ वर्षांखालील स्त्रियांसाठी आयव्हीएफ राष्ट्रीय आरोग्य विम्यात आणले. म्हणजे हे होऊ शकते.

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना तीन गोष्टींचे आवाहन आहे. वंध्यत्वाचा उपचार आयुष्मान भारत आणि फुले योजनेच्या यादीत घ्यावा, अशी निवेदने आमदार-खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्यावीत. प्रत्येक महसूल विभागात किमान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ केंद्र मागावे. आणि विहारातल्या वाचनालयात पॉलिसी वाचून दाखवणारा, अर्ज भरून देणारा एक तरी शिकलेला तरुण आठवड्यातून एकदा बसावा.

मूल हवे की नको, दत्तक घ्यायचे की दोघांनीच आनंदाने राहायचे, हा त्या जोडप्याचा निर्णय आहे. त्यात समाजाने नाक खुपसू नये. ज्यांना मूल हवे आहे त्यांचा निर्णय त्यांच्या खिशाने करू नये, एवढीच आपली मागणी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!